पोवळ्याची वाट

चेन्नईच्या बंदरामागे जॉर्ज टाऊन हा जुना, दाट वस्तीचा भाग आहे. तेथील एका रस्त्याचे इंग्रजी नाव ‘कोरल मर्चंट स्ट्रीट’ असे असून तमिळ माणसे त्याला ‘पवळक्कार तेरु’ म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच : पोवळ्याच्या व्यापाऱ्यांचा रस्ता. हे व्यापारी सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून आलेले ज्यू होते. भूमध्य समुद्रातील लाल पोवळे आणावे आणि गोवळकोंडा प्रदेशातील हिरे न्यावेत, असा त्यांचा धंदा होता. त्यांच्यानंतर या रस्त्यावर चेट्टी सावकारांच्या पेढ्या आल्या. याच जॉर्ज टाऊनच्या पश्चिमेला साहुकारपेठ वसली. राजस्थान आणि गुजरातेतून दक्षिणेत गेलेल्या अनेक जैन घराण्यांचा संसार आणि व्यापार तिथल्या गल्ल्यांत उभा राहिला. माणसे बदलली, माल बदलला, हिशेबाच्या वह्यांची लिपी बदलली. रस्त्याच्या नावात पोवळे मात्र राहून गेले.

व्यापारी घरात शब्दाचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. ‘शब्द दिला’ म्हणजे सौदा झाला, हा पेढीवरचा पहिला धडा असतो. परंतु सौद्याचा शब्द पाळायचा, तर मालाचे नावही खरे उच्चारावे लागते. ‘पोवळे’ हे नाव दोन हजारांहून अधिक वर्षे बाजारात फिरत आहे. ते कोठून आले, कोणकोणत्या वस्तूंना चिकटले आणि आज ते उच्चारताना विकणारा नेमके काय विकतो, हे समजून घेण्यासाठी या मालाच्या जुन्या वाटेने एकदा जाऊन येणे उपयोगाचे आहे.

अंकुर आणि वृक्ष

संस्कृतात पोवळ्याला दोन प्रसिद्ध नावे आहेत. ‘प्रवाल’ म्हणजे मुळात कोवळा अंकुर, नुकती फुटलेली तांबूस पालवी. आणि ‘विद्रुम’ म्हणजे विशेष प्रकारचा वृक्ष. दोन्ही नावे देणाऱ्यांनी पोवळ्याकडे वनस्पती म्हणूनच पाहिले. त्यात नवल नाही. समुद्रातून निघालेली पोवळ्याची फांदी पाहिली, तर पाने झडलेल्या लाल झुडपाचीच आठवण होते. प्रवाल या शब्दाचे प्राकृतात ‘पवाल’ झाले. मराठीचे पोवळे, गुजरातीचे परवाळे, कन्नडातील हवळ, तमिळमधील पवळम ही सगळी एकाच गोतातली नावे. हिंदी आणि मारवाडी ‘मूंगा’ निराळा. अरबी-फारसीत ‘मर्जान’, तर ग्रीकांच्या ‘कोराल्लिऑन’वरून लॅटिन आणि पुढे इंग्रजी ‘कोरल’ आले.

शब्द एकदा रूढ झाला की तो आपल्या रंगाने इतर वस्तूही रंगवू लागतो. पारिजातकाच्या फुलाचा देठ केशरी-लाल असतो, म्हणून तमिळमध्ये त्या झाडाला ‘पवळमल्ली’ म्हणतात. मराठी मुलखातल्या एका सडपातळ विषारी सापाला पोटाच्या लालसर रंगामुळे ‘पोवळा’ हे नाव मिळाले. वसंतात निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले मिरवणाऱ्या पांगाऱ्याला इंग्रजीत ‘कोरल ट्री’ म्हणतात. ओठांना पोवळ्याची उपमा देण्याची कवींची रीत तर जुनीच.

आधुनिक मराठीने मात्र या शब्दाची एक सोयीची वाटणी केली आहे. सराफाच्या पेढीवर तो ‘पोवळे’ असतो आणि भूगोलाच्या पुस्तकात ‘प्रवाळ’. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची; अंगठीतला खडा पोवळ्याचा. वैद्याच्या बाटलीवर पुन्हा ‘प्रवाळ पिष्टी’ असते. ही वाटणी उगीच झालेली नाही. दागिन्यात वापरले जाणारे लाल पोवळे आणि समुद्रात खडक उभारणारे प्रवाळ यांचे कूळ दूरचे आहे. पहिल्याच्या इवल्याशा जीवाला आठ शुंडके असतात, दुसऱ्याच्या जीवाला सहाच्या पटीत. पहिला खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यात कपारींना धरून वाढतो. दुसऱ्याला उबदार, उथळ पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो. भारताच्या किनाऱ्यांवर दुसऱ्या प्रकारचे वैभव आहे, पण दागिन्याचे लाल पोवळे मिळत नाही. म्हणूनच ते नेहमी परदेशातून यावे लागले.

भरूचला उतरलेला माल

ही आयात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घेण्यायोग्य रत्नांची परीक्षा सांगितली आहे. तेथे मोती, मणी आणि हिरे यांच्याबरोबर प्रवाळाचाही विचार आहे. त्याच्या दोन जाती ‘आलकंदक’ आणि ‘वैवर्णिक’ या नावांनी दिल्या आहेत. यांतील आलकंद म्हणजे इजिप्तचे अलेक्झांड्रिया बंदर असावे, असे काही विद्वानांचे मत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातील बंदरांचे टिपण प्रसिद्ध आहे. भारतात खपणाऱ्या मालाच्या त्याच्या याद्यांत पोवळे आहे. सिंधूच्या मुखावरील बंदरात, भरूचला आणि मलबार किनाऱ्यावरील मुझिरिसला ते उतरत असे. त्याच टिपणात पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भरूचला येणाऱ्या मालाचा आणि कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. म्हणजे दख्खनच्या बाजारपेठा आणि भूमध्य समुद्रातले पोवळे एकाच व्यापाराच्या जाळ्यात होते.

रोमन पंडित प्लिनी याच शतकातला. त्याने नोंदवले आहे की रोमन लोक भारतीय मोत्यांना जितके मोल देतात, तितकेच भारतीय लोक पोवळ्याला देतात. आणि भारतात मागणी इतकी की जिथे ते निपजते तिथेच ते दुर्मीळ झाले आहे. रोमचे सोने भारताकडे वाहून जाते अशी तक्रार करणारा हाच प्लिनी. त्याच्या देशाकडे भारताला हवीशी अशी थोडीच वस्तू होती आणि पोवळे हे त्यांपैकी एक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या लाल फांदीचे व्यापारातले वजन कळते.

ज्वालामुखीच्या पायथ्याशी

पोवळ्याचे आजचे माहेर म्हणजे दक्षिण इटलीतील तोर्रे देल ग्रेको हे गाव. नेपल्सच्या आग्नेयेस, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला व्हेसुव्हियस ज्वालामुखी, अशा चिंचोळ्या पट्टीवर ते वसले आहे. शेजारीच प्राचीन हर्क्युलेनियमचे अवशेष आहेत. १६३१ च्या आणि पुन्हा १७९४ च्या उद्रेकात या गावाचा मोठा भाग लाव्ह्याखाली गेला. सान्ता क्रोचे या चर्चचा घंटेचा मनोरा १७९४ च्या लाव्ह्यात खालच्या अंगाने गाडला गेला तो तसाच आजही उभा आहे. दर वेळी लोकांनी त्याच काळ्या दगडावर पुन्हा घरे बांधली. मरणानंतर पुन्हा उठतो, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद या गावाने आपल्या चिन्हावर कोरले आहे.

जमिनीचा भरवसा नसलेल्या या गावाने समुद्र धरला. येथील नावा वसंतात निघत आणि सार्डिनिया, कॉर्सिका व उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून शरद ऋतूत परतत. पोवळे काढण्याचे साधन साधे पण निष्ठुर होते. दोन जाड लाकडी तुळया फुलीसारख्या बांधायच्या, मध्ये वजन द्यायचे, टोकांना जाळ्यांचे झुपके लावायचे आणि हे सारे समुद्रतळावरून ओढत न्यायचे. फांद्या मोडून जाळ्यात अडकत. पुष्कळसे मोडलेले पोवळे तळालाच राही. हे ओढकाम खलाशांच्या हातांनी चाले आणि त्यांचे हाल कुप्रसिद्ध होते. १७९० साली नेपल्सच्या राजाने या धंद्यासाठी स्वतंत्र संहिता जारी केली. नावा, भागीदारी, खलाशांचे हक्क, भांडणांचा निवाडा अशा बाबी तिने नियमांत बांधल्या.

तोपर्यंत तोर्रे देल ग्रेको पोवळे काढत असे. त्याचे दागिने अन्यत्र घडत. १८०५ मध्ये मार्सेलहून आलेल्या पाओलो बार्तोलोमेओ मार्तिन याला राजाने दहा वर्षांचा मक्ता दिला आणि गावात पोवळे घडवण्याचा पहिला कारखाना निघाला. १८७८ मध्ये कोरीव कामाची शाळा स्थापन झाली. फांदी कापणे, तुकड्यांना भोक पाडणे, मणी गोल करणे, झिलई देणे, रंग-आकाराने वेगळे करणे आणि सर ओवणे, असे कामाचे टप्पे पडले. यांतील बरेच काम स्त्रिया करत.

याच सुमारास सिसिलीच्या शाक्का गावासमोर समुद्रात १८७५, १८७८ आणि १८८० साली पोवळ्याचे तीन प्रचंड साठे सापडले. हे पोवळे जिवंत नव्हते. समुद्रतळाखालच्या उलथापालथींनी फार पूर्वी मेलेल्या फांद्यांचे ते ढीग होते, आणि त्यांचा रंग लाल नसून नारिंगी-गुलाबी होता. शेकडो नावा तिकडे धावल्या. बाजारात इतका माल आला की भाव कोसळले आणि धंदा काही काळ मोडकळीस आला. साठा मात्र पुढे कित्येक वर्षे पुरला. शतकाच्या अखेरीस जपानी समुद्रातले जाड खोडाचे पोवळेही तोर्रे देल ग्रेकोच्या कारागिरांकडे येऊ लागले. आज भारतीय बाजारात ‘इटालियन’ आणि ‘जपानी’ मूंगा अशी नावे घेतली जातात. ‘इटालियन’ म्हटलेला मणी इटलीत घडलेला असेल, तरी त्याची फांदी कोणत्या समुद्रातली आहे, हे त्या नावावरून ठरत नाही.

पोवळे जाई, हिरा येई

तोर्रे देल ग्रेकोच्या आधी पोवळ्याची मोठी पेठ होती ती टस्कनीतील लिव्होर्नो बंदरात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मेदिची राज्यकर्त्यांनी स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू व्यापाऱ्यांना सनदा देऊन बोलावले. त्यांनी पोवळे घडवण्याचा आणि निर्यातीचा मोठा व्यापार उभारला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एर्गास आणि सिल्व्हेरा ही तेथील एक पेढी होती. तिच्या पत्रांच्या वह्या शिल्लक राहिल्या आणि इतिहासकारांना त्यांतून एक विलक्षण व्यवहार उलगडता आला.

या पेढीचे पोवळे लिव्होर्नोहून लिस्बनला जाई. तेथे इटालियन ख्रिस्ती व्यापारी ते पोर्तुगीज जहाजांवर चढवत. जहाज आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला पोहोचे. गोव्यात ते ताब्यात घेणारे होते कामत घराण्यासारखे हिंदू सारस्वत व्यापारी. ते पोवळे विकून त्यांच्या किमतीचे हिरे खरेदी करत आणि परतीच्या जहाजाने पाठवत. पोवळे रवाना झाल्यापासून हिरे हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. पोर्तुगालात आणि गोव्यात ‘इन्क्विझिशन’ या धर्मन्यायालयाचा अंमल असल्याने उघडपणे ज्यू असलेल्या माणसाला तेथे स्वतः जाऊन पेढी घालणे शक्य नव्हते. ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू अशा तिघांना बांधून ठेवणारे एक राज्य नव्हते, एक न्यायालय नव्हते, सोयरीक तर नव्हतीच. होती ती पत्रे, आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे माल पाठवण्याची सवय. एकाने फसवले तर त्याचे नाव तिन्ही बंदरांत खाली जाणार, हीच काय ती जामीनकी.

मद्रासची वाट याहून थोडी निराळी होती. लिव्होर्नोचे पोवळे लंडनच्या ज्यू पेढ्या विकत घेत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने तिच्या जहाजांतून पाठवत. या व्यापारासाठी मद्रासला येऊन राहिलेल्यांपैकी हाईमे दी पाइवा याचे १६८७ साली तेथेच निधन झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने मद्रासला नगरपालिका दिली, तेव्हा तिच्या सदस्यांत ज्यू व्यापाऱ्यांनाही स्थान मिळाले. पुढे अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, भारतीय हिऱ्याची मक्तेदारी गेली आणि मद्रासच्या पोवळे-व्यापाऱ्यांची वस्तीही हळूहळू ओसरली. पोवळ्याची भारतातली मागणी मात्र ओसरली नाही. मंगळ ग्रहाचे रत्न म्हणून ते अंगठीत आले, काही समाजांत मंगळसूत्रात काळ्या मण्यांशेजारी बसले, नवरत्नांच्या हारात राहिले आणि औषधाच्या खलातही घोटले गेले.

दगड, झाड की जीव?

इतकी शतके ज्याचा व्यापार चालला ती वस्तू मुळात काय आहे, हे युरोपातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि पंडितांनाही नव्हते. कोणी तिला दगड म्हणे, कोणी पाण्याबाहेर येताच दगड होणारी वनस्पती. १७०६ साली बोलोन्याच्या काउंट मार्सिली यांनी ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली, तेव्हा तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्यांना दिसली. पोवळे ही वनस्पतीच, याचा हा पुरावा त्यांना पुरेसा वाटला. वीसेक वर्षांनी मार्सेलचे वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल यांनी उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच फुले बारकाईने पाहिली. स्पर्श होताच ती मिटत. पाकळ्या कसल्या, ते लहानग्या प्राण्यांचे हातपाय आहेत आणि लाल फांदी हे त्यांनी मिळून बांधलेले घर आहे, असा निष्कर्ष त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवला. तो इतका अविश्वसनीय वाटला की रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने तो मांडताना पेसोनेलचे नावही सांगितले नाही; त्याचे हसे होऊ नये, ही त्यामागची सद्भावना. पेसोनेलचे म्हणणे मान्य व्हायला पुढे काही दशके लागली.

आज ते सर्वमान्य आहे. पोवळ्याची फांदी म्हणजे हजारो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आणि आतला लाल गाभा हा त्यांनी समुद्रातल्या चुन्यापासून रचलेला सांगाडा. रासायनिक दृष्ट्या तो कॅल्शियम कार्बोनेट. म्हणूनच घाम, अत्तर किंवा लिंबाचा रस लागला तर पोवळ्याचे तेज जाते. हा सांगाडा वाढतो अतिशय सावकाश. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्याच्या खोडाची जाडी वर्षाला सुमारे पाव मिलिमीटर वाढते. सात मिलिमीटर जाड खोड तयार व्हायला पाव शतकाहून अधिक काळ जातो.

जैन वाचकाला येथे एक विचार सुचल्याशिवाय राहणार नाही. ज्या काळी युरोपातल्या पंडितांना पोवळे निर्जीव दगड वाटत होते, त्याच्या पुष्कळ आधी जैन आगमांनी त्याला जीवांच्या यादीत बसवले होते. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात हरताळ, हिंगूळ, मनशीळ यांच्याबरोबर प्रवाळाचे नाव पृथ्वीकायाच्या भेदांत येते. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणातही स्फटिक, मणी, रत्न यांच्याशेजारी विद्रुम आहे. शंख आणि कवडी मात्र तेथेच पुढे द्वीन्द्रिय जीवांत गणले आहेत. पृथ्वीकाय म्हणजे एकेंद्रिय, स्थावर. खाणीतून निघालेले, शस्त्राने छेदलेले रत्न अचित्त होते, आणि त्याचा व्यापार जवाहिऱ्यांच्या पिढ्यांनी निःशंकपणे केला. सिद्धपदाचा वर्ण लाल, पद्मप्रभ आणि वासुपूज्य या तीर्थंकरांचा वर्ण लाल. त्यामुळे पोवळ्याच्या नवकारवाळीलाही घरोघरी आदर मिळाला.

आजचे जीवशास्त्र मात्र पोवळ्याच्या फांदीला स्पर्शाने मिटणाऱ्या, शुंडक्यांनी अन्न पकडून खाणाऱ्या प्राण्याचा सांगाडा म्हणते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ केवळ हस्तिदंतापुरता ठेवलेला नाही. दात, केस, नखे, हाडे, कातडी असे त्रस जीवांचे अवयव व्यापारासाठी उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे, असा तो विस्तृत केला आहे. पोवळे रत्नांच्या रांगेत ठेवावे की या रांगेत, हा प्रश्न म्हणून उरतो. आगमातल्या शब्दाचा आणि प्रयोगशाळेतल्या निरीक्षणाचा मेळ कसा घालावा, हे गुरुभगवंतांना विचारण्याचे. रेशीम सोडणारी आणि मोती सोडणारी कुटुंबे जैन समाजात आहेतच. पोवळ्याविषयी निर्णय करताना घराला निदान वस्तुस्थिती ठाऊक असावी. हीच गोष्ट प्रवाळ पिष्टीची. गुलाबजलात घोटलेली ती गुलाबी भुकटी कशापासून होते, हे औषध घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

पावतीवरचा शब्द

जे हा व्यापार करतात किंवा पोवळे विकत घेतात, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली कायद्याची. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक उभारणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. कच्छच्या आखातात जामनगरजवळ १९८२ साली देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, ते या प्रवाळांसाठीच. हालारातून मुंबईला आलेल्या ओसवाळ कुटुंबांचा हा मूळ मुलूख. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. मालवण-विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळांचे मोठे पठार आहे. सहलीहून आणलेला पांढरा, जाळीदार ‘समुद्राचा दगड’ दिवाणखान्याच्या कपाटात ठेवणे हा म्हणून निरुपद्रवी छंद राहिलेला नाही. तो गुन्हा ठरू शकतो.

दागिन्याच्या लाल पोवळ्याची स्थिती निराळी आहे. त्याला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत घालण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१० साली मांडले गेले, पण ते संमत झाले नाहीत. प्रशांत महासागरातल्या चार जातींची नोंद मात्र २००८ मध्ये चीनच्या विनंतीवरून तिसऱ्या परिशिष्टात झाली आणि त्यांच्या व्यापाराला कागदपत्रे लागू लागली. भूमध्य समुद्रात युरोपीय संघाने १९९४ साली ती लाकडी फुली ओढण्यावर बंदी घातली. पुढे पन्नास मीटरांपेक्षा उथळ पाण्यातले आणि सात मिलिमीटरांपेक्षा बारीक खोडाचे पोवळे काढण्यासही मनाई झाली. आता पाणबुडा खाली उतरून हातोडीने निवडक फांदी काढतो. १९९९ च्या उन्हाळ्यात वायव्य भूमध्य समुद्राचे पाणी असाधारण तापले आणि कोणी न काढताही पुष्कळ पोवळे मेले. नियमांनी हातोडी आवरता येते, उष्णता आवरत नाही; तेव्हा जे जिवंत आहे त्याची मोजदाद अधिकच काटेकोर व्हायला हवी.

दुसरी गोष्ट पेढीवरच्या सचोटीची. पांढऱ्या ‘बांबू कोरल’ला लाल रंग देऊन, काच किंवा प्लास्टिक ओतून, भुकटी चिकटवून केलेले मणी ‘पोवळे’ या एकाच नावाने विकले जातात. गिऱ्हाईक रत्ती मोजून पैसे देते आणि मंगळवारी अंगठी घालते. बोटात काय आहे हे त्याला माहीत नसते. श्रावकाच्या अस्तेय व्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या नावाखाली बनावट माल देणे, आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार करणे, हे दोन्ही आहेत. पोवळ्याच्या धंद्यात हे दोन्ही प्रसंग रोजचे आहेत.

यावर उपाय अवघड नाही. पावतीवर नुसते ‘मूंगा’ न लिहिता जात, कोणत्या समुद्रातले, रंग दिला आहे का, भराव आहे का, हे चार शब्द अधिक लिहावेत. परदेशी पुरवठादाराकडून मूळ ठिकाणाचा दाखला मागावा आणि तो जपून ठेवावा. नवे पोवळे नको वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला आजीच्या काळची माळ नव्याने ओवून द्यावी, जुना खडा नव्या कोंदणात बसवून द्यावा. त्यातही कारागिराला मजुरी आहे आणि पेढीला मान आहे. ज्याला तेही नको, त्याला सुताची किंवा चंदनाची नवकारवाळी आहे. जपाचे मणी तिच्यातही एकशे आठच असतात. आणि ज्याला पोवळेच हवे, त्याला विकणाऱ्याने ते काय आहे, कोणत्या पाण्यात आणि किती वर्षांत वाढले, हे आधी सांगावे. मग घ्यायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवता येईल.